वनाच्या उंबरठ्यावर

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या कार्यवाहांनी मला 'परदेशप्रवासाचे चार अनुभव सांगा' अशी आज्ञा केली, तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. मी १९७५ सालचा, जुन्या अकरावीचा मॅट्रिक. सदतीस वर्षे खेड्यापाड्यांतील मुलांना बाराखडी, पाढे आणि सामान्य विज्ञान शिकविण्यापलीकडे माझ्या हातून काही घडलेले नाही. आजकाल आपल्या ज्ञातीतील कित्येक घरांतील मुले-मुली परदेशी आहेत. तेथील उंच इमारती आणि चकचकीत रस्ते यांची वर्णने ऐकून आपले कान किटलेले असणार. त्यांत मी आणखी भर घालावी अशी माझी इच्छा नाही. मी आज केवळ एकाच दिवसाची हकीगत सांगणार आहे, आणि तीही सांगावयाची ती अशासाठी की, त्या दिवसाच्या शेवटी मला एक कबुली द्यावी लागली. ती कबुली आज आपणांसमोरही द्यावयाची आहे.

आमचे चिरंजीव न्यूझीलंड देशातील ऑकलंड शहरी नोकरीस आहेत. २०१९ सालच्या फेब्रुवारीत मी आणि आमचे कुटुंब असे उभयता त्यांच्याकडे गेलो होतो. आपल्याकडे तो माघ महिना. तेथे मात्र भर उन्हाळा. सूनबाईंनी आमच्यासाठी एका सहलीची दोन तिकिटे काढून ठेविली होती. ऑकलंडच्या पश्चिमेस वैटाकेरे नावाची डोंगररांग आहे. तिच्यावर सदाहरित पर्जन्यवन असून पलीकडे थेट खुला समुद्र आहे. एका लहान मोटारीतून दहाबारा प्रवाशांना नेऊन, जाणत्या माणसाकडून वन आणि किनारा दाखवावयाचा व सायंकाळी घरी आणून सोडावयाचे, असा तो बेत होता.

आमचा मार्गदर्शक पन्नाशीचा, गुडघ्यापर्यंतची विजार घातलेला, उन्हाने रापलेला गृहस्थ होता. गाडीही तोच हाकीत होता. माझे इंग्रजी मॅट्रिकचे. परंतु तो शिक्षकासारखा सावकाश बोले आणि एकच गोष्ट दोनदा सांगे, त्यामुळे मला त्याचे पुष्कळसे समजले. जे समजले नाही ते मी रात्री चिरंजीवांकडून समजावून घेतले.

शहर मागे पडून चढण सुरू झाली आणि पाहता पाहता दोन्ही बाजूंस हिरव्या भिंती उभ्या राहिल्या. रस्त्याच्या कडेला पिवळ्या फुलांचे उंच तुरे पाहून आमचे कुटुंब एकदम आनंदाने म्हणाले, "अहो, सोनटक्का!" खरोखरच तो सोनटक्क्याच्या कुळातील, हिमालयाच्या पायथ्याकडून आलेला त्याचा भाऊबंद होता. परक्या मुलखात माहेरचे माणूस भेटावे तसा आम्हांला हर्ष झाला. तो मार्गदर्शकाला सांगितला, तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "या वनाच्या मोठ्या शत्रूंपैकी हा एक." कोणी हौसेने बागेत लावला, तो बागेतून रानात शिरला. त्याच्या जाड गड्ड्यांनी जमीन अशी व्यापली की खाली स्थानिक झाडांचे बी रुजावयास जागाच उरली नाही. आपली साळुंकीदेखील एकोणिसाव्या शतकात अशीच तेथे आणली गेली. जी वस्तू एका ठिकाणी भूषण, तीच दुसऱ्या ठिकाणी पीडा होऊ शकते, हा त्या दिवसाचा पहिला धडा.

वनाच्या तोंडाशी गाडी थांबली. वाट सुरू होते तेथे एक लाकडी चौकट उभी केलेली होती. खाली ताठ केसांचे ब्रश बसविलेले आणि शेजारी औषधी पाण्याचा फवारा. प्रत्येकाने बुटांचे तळवे घासून मातीचा कण न् कण काढावयाचा, मग औषधात भिजवावयाचे आणि नंतरच आत पाऊल टाकावयाचे. मी सकाळीच नवे बूट पुसून घातले होते. मनात थोडा रागच आला. पासष्टीकडे झुकलेल्या माणसाला, तोही शिक्षक, पाय स्वच्छ करावयास सांगतात! माझी चलबिचल पाहून आमचे कुटुंब म्हणाले, "त्यात काय एवढे? आपल्याकडे देवळात जाताना चपला बाहेर काढतात. इथे त्या धुऊन आत न्यायच्या." मी निमूटपणे बूट घासले.

त्याचे कारण पुढे कळले. या वनाचा राजा म्हणजे काउरी नावाचा वृक्ष. त्याचा बुंधा खांबासारखा सरळ वर जातो. वाढता वाढता तो खालच्या फांद्या आपण होऊन गाळून टाकतो, म्हणून खोडावर गाठ म्हणून दिसत नाही. मोठे काउरी पन्नास मीटरांपर्यंत उंच होतात, आणि हजार वर्षांहून अधिक जगलेले वृक्ष त्या देशात आजही उभे आहेत. म्हणजे ज्ञानेश्वरमहाराजांच्या जन्मापूर्वी अंकुरलेले झाड आजही पालवी धरून आहे! अशा महावृक्षाचा प्राण मात्र जमिनीच्या अगदी वरच्या थरातील केसासारख्या बारीक मुळांत असतो. 'फायटोफ्थोरा' जातीचा एक सूक्ष्म जीव मातीतून येऊन ती मुळे कुजवितो. मग शेंडा विरळ होतो, पाने पिवळी पडतात, बुंध्यातून डिंक वाहू लागतो आणि हळूहळू झाड वठते. या रोगावर अद्याप पक्का इलाज नाही. औषध टोचून त्याची गती कमी करता येते, इतकेच. तो पसरतो मुख्यतः मातीबरोबर; रानडुकरांच्या खुरांना आणि माणसांच्या बुटांना चिकटलेल्या मातीबरोबर. टाचणीच्या डोक्याएवढी माती पुरे होते. म्हणजे ज्याला वनाची आवड, जो कौतुकाने झाडाजवळ जातो, तोच नकळत त्याचा मृत्यू पायाला चिकटवून नेतो!

वाट बहुतेक ठिकाणी लाकडी फळ्यांची, जमिनीपासून उचललेली होती; हेतू हा की मुळांवर पाय पडू नये. आत गेल्यावर ऊन संपले. नेचे आपण आपल्या विहिरीच्या कडेला वीतभर उंचीचे पाहतो. तेथे ते माडासारखे वाढलेले आणि माथ्यावर छत्री धरून उभे होते. त्यांतील एकाचे पान उलटून मार्गदर्शकाने दाखविले, तो खालची बाजू चांदीसारखी शुभ्र! हे पान त्या देशाचे मानचिन्हच होऊन बसले आहे. निकाऊ नावाचा एक ताडवर्गीय वृक्ष होता. तो तर हुबेहूब आपल्या पोफळीचा थोरला भाऊ. शेवाळाने मढलेली खोडे, खोडांवर वाढलेली दुसरी झाडे, त्यांवर लोंबणाऱ्या वेली. आंबोलीच्या घाटातील पावसाळ्यानंतरच्या रानाची मला पदोपदी आठवण होत होती. या देशात साप नाहीत हे कळल्यावर आमचे कुटुंब निर्धास्तपणे पुढे चालू लागले. फुरशांच्या मुलखात जन्म गेलेल्या स्त्रीला याहून मोठे अभय कोणते?

मध्येच डोक्यावर पंखांचा मोठा फडफडाट झाला. तो केरेरू, म्हणजे तेथील रानकबुतर. आपल्या पारव्याहून पुष्कळ मोठे, हिरव्या-जांभळ्या झळाळीचे, पांढऱ्या पोटाचे. काही झाडांची मोठी फळे सबंध गिळून त्यांचे बी दूर नेणारा आज हा जवळपास एकटाच पक्षी उरला आहे. तो गेला तर ती झाडे जुनी होतील, पण त्यांना नातवंडे होणार नाहीत. आपल्या कोकणात हेच काम धनेश पक्षी करतो. तेथील पक्ष्यांना मात्र घरटी राखणे कठीण झाले आहे. मूळच्या त्या भूमीवर वटवाघळांखेरीज सस्तन प्राणीच नव्हते. माणसाने उंदीर आणले, लोकरीसाठी पोसम आणला, सशांचा बंदोबस्त करण्यासाठी मुंगसासारखा दिसणारा स्टोट आणला. आणि या सर्वांनी मिळून अंड्यांपिलांचा फन्ना उडविला. म्हणून वाटेच्या कडेला जागोजागी सापळ्यांच्या पेट्या ठेविलेल्या होत्या. त्यांची निगा राखणाऱ्यांत शेजारपाजारचे अनेक रहिवासी असून ते हे काम विनावेतन करतात.

एका जुन्या बुंध्यापाशी आम्ही थांबलो. आज घनदाट दिसणारे हे वन एकेकाळी बहुतांशी तोडले गेले होते. एकोणिसाव्या शतकात व विसाव्याच्या पहिल्या काही दशकांत येथील काउरी जहाजे, घरे आणि पूल यांसाठी कापण्यात आले. ओढ्यांवर लाकडी बांध घालून पाणी तुंबवावयाचे आणि बांध एकदम उघडून ओंडके लोंढ्याबरोबर खाली सोडावयाचे, अशी रीत होती. पुढे ऑकलंडच्या शतसांवत्सरिकानिमित्त १९४० साली येथील काही भाग उद्यान म्हणून राखण्यात आला. तो वाढत वाढत आज सुमारे १७,००० हेक्टरांचा झाला आहे. म्हणजे आम्ही पाहिले ते बरेचसे वन, माणसांनी हात आखडता घेतल्यावर पुन्हा उठलेले वन होते.

मग त्याने जे सांगितले त्याने मी चमकलो. रोगाची पाहणी झाली, तेव्हा पाच वर्षांत रोगट भाग दुपटीहून अधिक झाल्याचे आढळले. त्या भूमीचे मूळ रक्षक ते कावेराऊ आ माकी हे माओरी लोक. त्यांनी २ डिसेंबर २०१७ रोजी या वनावर 'राहुई' घातली. राहुई म्हणजे परंपरागत निषेध: अमुक जागा विसावा घेईपर्यंत तेथे कोणी पाऊल ठेवू नये. कायद्याचे बळ त्या वेळी तिच्यामागे नव्हते. कित्येकांनी ती मानली, कित्येकांनी मानली नाही. पुढे १ मे २०१८ पासून नगरपरिषदेने वनाचा बहुतेक भाग बंद केला, आणि परंपरेचा शब्द व शास्त्रज्ञांचा सल्ला एकाच जागी येऊन मिळाले. आम्ही चालत होतो ती उघड्या ठेविलेल्या थोड्या वाटांपैकी एक होती.

मी अभिमानाने म्हणालो, "आमच्याकडेही असेच आहे. आमच्या गावात देवराई आहे. तिच्यात कोणी कुऱ्हाड नेत नाही. पडलेली काटकीदेखील देवाचा कौल घेतल्याशिवाय उचलीत नाहीत. पादत्राणे बाहेर ठेवूनच आत जातात." सर्व प्रवासी माझ्याभोवती जमले. मार्गदर्शकाने मोठ्या कुतूहलाने विचारले, "ती राई अजून आहे?"

मी म्हणालो, "आहे."

आमच्या कुटुंबाने माझ्याकडे एकवार पाहिले आणि दृष्टी वळविली.

वन उतरून आम्ही पिहाच्या किनाऱ्यावर आलो. तेथील वाळू काळी आहे. शेकडो वर्षांची नव्हे, तर फार प्राचीन ज्वालामुखीची राख आणि खडक यांचे चूर्ण समुद्रप्रवाहांनी दक्षिणेकडील तारानाकी पर्वताच्या बाजूने येथवर वाहून आणले आहे. तीत लोहयुक्त खनिज इतके की मार्गदर्शकाने लोहचुंबक फिरविताच त्याला काळी दाढी फुटली! हा प्रयोग मी वर्गात कितीदा केला असेन, पण सबंध किनाराच प्रयोगशाळा झालेला प्रथमच पाहिला. हौसेने बूट काढले आणि चार पावलांतच पाय पोळून पुन्हा घातले. काळी वाळू ऊन पिऊन तव्यासारखी तापते. किनाऱ्याच्या मध्यभागी बसलेल्या सिंहाच्या आकाराचा एक प्रचंड खडक आहे. तोही जुन्या ज्वालामुखीचाच अवशेष. भरतीच्या लाटा त्याच्या दोन्ही अंगांनी गर्जना करीत येत होत्या.

हा समुद्र देखणा तितकाच घातकी. किनाऱ्यावर लाल-पिवळी दोन निशाणे रोवलेली असतात. पोहणाऱ्याने त्यांच्यामध्येच पोहावयाचे. बाहेर परतीच्या पाण्याचा ओढा माणसाला आत खेचून नेतो. निशाणांवर स्वयंसेवकांची नजर असते, आणि त्यांचा येथील जीवरक्षक संघ १९३४ पासूनचा आहे. निशाणाबाहेर एक तरुण जाताच शिटी वाजली आणि तो मुकाट्याने परतला. आपल्या किनाऱ्यांवर दरवर्षी सुटीत बुडणाऱ्या मुलांच्या बातम्या मला आठवल्या. तेथेही गावकरी ओरडून सांगत असतातच. पण ऐकावयाचे ते कोणी?

शिदोरीचे थालीपीठ आम्ही तेथेच खाल्ले. तिसऱ्या प्रहरी मुरिवाय येथील कड्यावर गेलो. तेथे गॅनेट नावाच्या सागरपक्ष्यांची वसाहत आहे. सुमारे १,२०० जोड्या, प्रत्येक जोडी शेजारणीच्या चोचीइतके अंतर राखून बसलेली. पांढरे अंग, पिवळसर मस्तक, पंख पसरले की दोन मीटरांचा विस्तार. जोडपे एका हंगामात एकच अंडे घालते. पिलू मोठे होते, कड्याच्या काठाशी येऊन पंख हालवून पाहते, आणि एके दिवशी वाऱ्यावर झेप घेते ते थेट ऑस्ट्रेलियाच्या दिशेने, दोन हजार किलोमीटरांहून अधिक समुद्र ओलांडून! कित्येक वाटेतच नाहीशी होतात. जी जगतात ती काही वर्षांनी परततात आणि आपल्या जन्माच्या वसाहतीजवळच घरटे करतात. हे ऐकून आमच्या कुटुंबाच्या डोळ्यांत पाणी आले. ज्यांची मुले परदेशी आहेत अशा भगिनींना त्याचे कारण मी सांगावयास नको. पण मला वाटले, ते पाखरू परत येते, कारण तो कडा तेथे असतो. कडाच राहिला नाही तर त्याने यावयाचे कोठे?

परतताना गाडीत बराच वेळ आम्ही दोघे बोललो नाही. शहराचे दिवे दिसू लागले, तेव्हा ती हळूच म्हणाली, "आज तुम्ही त्या भल्या माणसाशी खोटं बोललात."

बंधुभगिनींनो, आता ती कबुली.

आमच्या गावच्या देवराईत सातवीण, किंजळ, बेहडा, हरडा यांची जुनी झाडे होती. दोन माणसांच्या कवेत न मावणारी गारंबीची वेल होती. १९९४ साली ग्रामदेवतेच्या देवळाचा जीर्णोद्धार निघाला. कौलारू देऊळ काढून स्लॅबचे करावयाचे ठरले. पैसे कमी पडले, तेव्हा राईतील एकोणीस झाडे विकावी असा ठराव झाला. तो ठराव माझ्या हस्ताक्षरात आहे. मी समितीचा चिटणीस होतो. आमचे वृद्ध गुरव एकटे उभे राहिले आणि म्हणाले, "कौल न घेता राईची काडी मोडू नये." मी विज्ञान शिकविणारा! मी त्यांना भर सभेत सांगितले की, ही अंधश्रद्धा आहे. सभा हसली. गुरव खाली बसले. ठराव एकमताने मंजूर झाला असे मी लिहिले. तेही खरे नव्हते.

बेहड्याच्या ढोलीत दरवर्षी घरटे करणारी धनेशाची जोडी पुढच्या वर्षी आली नाही, ती आजतागायत आलेली नाही. राईखालचा झरा पूर्वी वैशाखापर्यंत वाहत असे. आता तो माघातच आटतो. गुरव आज हयात नाहीत. त्यांची क्षमा मागण्याचे माझे राहूनच गेले. ज्याला मी अंधश्रद्धा म्हटले, त्याच गोष्टीसाठी परदेशात सूक्ष्मदर्शक लावणारे शास्त्रज्ञ आणि परंपरा पाळणारे माओरी खांद्याला खांदा लावून उभे असलेले मी पाहिले. आपल्याकडेही डॉ. वर्तक व डॉ. माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकातच सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास करून त्यांचे मोल दाखवून दिले होते. ते माझ्या वाचनात आले नव्हते, इतकेच. अज्ञान हे गुरवांच्या ठायी नव्हते, माझ्या ठायी होते.

त्या वर्षीच्या पावसाळ्यापूर्वी मी गावी गेलो. ग्रामसभेत उभा राहून पंचवीस वर्षांपूर्वीचा ठराव वाचून दाखविला आणि 'एकमताने' हा शब्द खोटा असल्याचे सांगितले. चार तरुण पुढे आले. आम्ही पडका गडगा पुन्हा रचून गुरांची वाट बंद केली. बाहेरची रोपे आणली नाहीत. सोनटक्क्याचा धडा ध्यानात होता, आणि अकेशिया लावून रान हिरवे दिसते, पण ते रान होत नाही हे कोकणात आपण पाहिलेच आहे. राईत उरलेल्या झाडांचेच बी वेचून तेथेच रुजत घातले. आज साठएक रोपे उभी आहेत. काही माझ्या खांद्याला लागतात. ढोली व्हावयास मात्र त्यांना शंभर वर्षे लागतील. ते मी पाहणार नाही.

त्या दूरच्या डोंगरांचेही सर्व काही कुशल आहे असे नव्हे. २०२३ सालच्या फेब्रुवारीत गॅब्रिएल चक्रीवादळाने तेथे दरडी कोसळल्या, आणि मुरिवाय येथे मदतीस धावलेले दोन स्वयंसेवक अग्निशामक मृत्यू पावले. वन राखले म्हणून वादळ येत नाही असे नाही. तरीही दुरुस्त केलेल्या कित्येक वाटा त्या लोकांनी टप्प्याटप्प्याने पुन्हा खुल्या केल्या आहेत, आणि ब्रश व फवारा वनाच्या दाराशी कायम आहेत.

आता मंडळापुढे तीन विनंत्या ठेवतो. पहिली: आपापल्या गावच्या राईतील जुन्या झाडांची नावे घरातील वृद्धांना विचारून या वर्षीच लिहून घ्यावी, सांगणारी माणसे फार काळ राहणार नाहीत. दुसरी: आपण शहरवासी बांधव जीर्णोद्धारासाठी सढळ हाताने देणग्या धाडतो. यापुढे देणगीबरोबर एक अट घालावी, की देवाच्या देवळासाठी देवाचे झाड तुटता कामा नये. १९९४ साली कोणी देणगीदाराने अशी एक ओळ लिहिली असती, तर माझी लेखणी अडली असती. तिसरी: मंडळाची वार्षिक सहल एखाद्या वर्षी जाणत्या मार्गदर्शकासह वनात आणि किनाऱ्यावर न्यावी. आंबोलीचे रान आणि वेंगुर्ल्याचा समुद्र एका दिवसात पाहून होतात. मुलांना दोन्ही दाखवावी, आणि आत शिरण्यापूर्वी क्षणभर उंबरठ्यावर थांबावयास शिकवावे.

मी निवृत्त मास्तर. धडा देण्याची सवय जात नाही, त्याबद्दल क्षमा असावी. परंतु आजचा धडा मी स्वतः उशिरा शिकलेला आहे. आमच्या चिरंजीवांना मी त्या रात्री सांगितले होते की, त्या मार्गदर्शकाची गाठ पडली तर माझा एक निरोप त्याला द्यावा: त्या दिवशी मी 'आहे' म्हणालो होतो ते खरे नव्हते, ते खरे व्हावे म्हणून आम्ही काम आरंभिले आहे.

 ग्रामदेवता आपणां सर्वांचे कल्याण करो.